दहा बाय दहाच्या खोलीतला बेस

मागच्या सोफ्यावरून दिग्दर्शक म्हणाले, "पार्श्वसंगीतातला तो बेस जरा आवरा हो, छातीत बसतोय." मी मिक्सिंगच्या खुर्चीत बसून नेमकं उलट करत होतो. मला तो सूर जेमतेम ऐकू येत होता, म्हणून फेडर वर ढकलत होतो. आमच्यात अंतर चार फुटांचं, स्पीकर तेच, सेशन तेच. अर्धी रात्र केबल, प्लगिन आणि सबवूफर (म्हणजे सब, फक्त खालचे सूर वाजवणारा स्पीकर) यांच्यावर संशय घेण्यात गेली. शेवटी वैतागून जागा बदलून पाहिल्या. ते माझ्या खुर्चीत, मी सोफ्यावर. दोन मिनिटांत दोघांची मतंही बदलली.

तो सूर होता बेस गिटारच्या मोकळ्या 'ए' तारेचा, ५५ हर्ट्झचा. खोली १० फूट बाय १० फूट, उंची साडेनऊ फूट. मूळची फ्लॅटमधली बेडरूम. कान दोघांचेही ठीक होते. घोळ खोलीचा होता, आणि तो कुठल्याही महागड्या स्पीकरने मिटला नसता.

आता ओटीटीमुळे, अ‍ॅटमॉसच्या मागणीमुळे अशा बेडरूममध्ये ५.१ किंवा ७.१.४ ची, म्हणजे चहूबाजूंनी (आणि ७.१.४ मध्ये वरूनही) स्पीकर लावलेली सराउंडची मांडणी करणारे पुष्कळ झालेत. स्पीकर कुठले घ्यावेत यावर तासन्‌तास चर्चा होते. बेसचं काय करायचं, यावर मात्र "एक चांगला सब टाक" एवढ्यावर विषय संपतो. खरं तर स्पीकर कुठे उभे करायचे हे आपले कान ठरवतात, बेस कुठून सोडायचा हे खोली ठरवते, आणि या दोन जागा जवळजवळ कधीच एक नसतात. या लेखात जे काही आहे, ते या भांडणाचं आहे.

परातीतलं पाणी

हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, म्हणजे ११२५ फूट जातो. त्याला कंपनांच्या संख्येने भागलं की लाटेची लांबी मिळते. १००० हर्ट्झची लाट फूटभर लांब. ५६ हर्ट्झची २० फूट. २० हर्ट्झची तर ५६ फूट, म्हणजे आपल्या खोलीत ती अख्खी मावतच नाही.

समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये अर्धी लाट बरोबर बसली, की खोली त्या सुराला धरून बसते. १० फुटांत अर्धी लाट बसते ती ५६ हर्ट्झची. याला रूम मोड म्हणतात. बाथरूममध्ये गुणगुणताना एखाद्याच सुरावर आवाज अचानक भरून येतो ना, तेच हे, फक्त मोठ्या खोलीत आणि खालच्या सुरावर.

हा मोड खोलीत कसा पसरतो हे समजायला परातीत पाणी घेऊन चालून बघा. पाणी हिंदकळायला लागतं. एका काठाला वर जातं तेव्हा दुसऱ्या काठाला खाली. दोन्ही काठांना सगळा धिंगाणा आणि मधोमध पाणी जवळजवळ स्थिर. खोलीतल्या हवेच्या दाबाचं हुबेहूब असंच. ५६ हर्ट्झचा दाब भिंतींपाशी सगळ्यात जास्त, मध्यावर सगळ्यात कमी. माझी खुर्ची खोलीच्या मध्यावर होती आणि सोफा मागच्या भिंतीला टेकून. बाकीचं तुम्हीच जुळवा.

आता आमच्या बेडरूमचं दुर्दैव बघा. लांबी १० फूट, रुंदीही १० फूट, म्हणजे दोन्ही दिशांचे मोड एकाच सुरावर, ५६ वर. उंचीचा मोड ५९ वर. तिघे खांद्याला खांदा लावून उभे. खोली १२ बाय १० बाय ९ असती तर हेच तीन मोड साधारण ४७, ५६ आणि ६२ वर विखुरले असते आणि एकाच सुरावर एवढा भार पडला नसता. स्टुडिओसाठी जागा बघत असाल तर चौरस खोली टाळा. माझं म्हणणं असं की चौरस खोलीपेक्षा आकाराने थोडी लहान पण आयताकृती खोली परवडते.

या मोडांचं राज्य वरपर्यंत चालत नाही. मानफ्रेड श्रोडर या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने दिलेलं एक सोपं सूत्र आहे: खोलीतला आवाज विरायला लागणारा वेळ भागिले खोलीचं घनफळ, त्याचं वर्गमूळ, गुणिले २०००. आमच्या खोलीत घनफळ २७ घनमीटर आणि विरण्याचा वेळ ०.३ सेकंद धरला तर उत्तर येतं २१० हर्ट्झच्या आसपास. त्याच्या वर मोड इतके दाट होतात की एकेकटा ओळखू येत नाही. त्याच्या खाली मात्र प्रत्येक मोडचा स्वतंत्र स्वभाव. डग्ग्यावर मींड घेताना सूर खालून वर सरकतो, तेव्हा हा स्वभाव फार छान उघडा पडतो. वाजवणाऱ्याने एकसारखा दाब दिलेला असतो आणि आपल्याला मध्येच एक सूर फुगलेला, पुढचा एक गायब असा ऐकू येतो.

इथे आपल्याकडची एक खास अडचण. इंटरनेटवरचे बहुतेक सल्ले अमेरिकन घरं डोळ्यांसमोर ठेवून दिलेले असतात. तिथल्या भिंती बऱ्याचदा लाकडी सांगाड्यावर ठोकलेल्या जिप्समच्या पत्र्यांच्या. बेस आला की त्या थोड्या हलतात, थोडा बेस खातात, थोडा पलीकडे जाऊ देतात. आपल्या भिंती विटांच्या, वर-खाली काँक्रीटचा स्लॅब. त्या हलत नाहीत. बेस आतच कोंडतो, आणि एकदा हिंदकळायला लागलेली हवा शांत व्हायला वेळ घेते. म्हणून परदेशातल्या कुणाच्या व्हिडिओत जेवढ्या ट्रॅपने (बेस शोषणाऱ्या भरावाने) काम भागलं, तेवढ्याने आपलं भागत नाही.

सराउंडने वाढवलेली पंचाईत

स्टीरिओमध्ये थोडी मोकळीक असते. खुर्ची पुढच्या भिंतीपासून खोलीच्या लांबीच्या साधारण ३८ टक्क्यांवर ठेवा, मधोमध बसू नका, असा सल्ला सगळे देतात आणि तो बराच कामी येतो. सराउंडमध्ये मागेही स्पीकर येतात. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या बीएस.७७५ या शिफारशीत पुढचे डावे-उजवे ३० अंशांवर, सेंटर बरोबर समोर आणि मागचे १०० ते १२० अंशांवर, सगळे कानापासून सारख्या अंतरावर, असं वर्तुळ आखून दिलंय. १० बाय १० मध्ये हे वर्तुळ काढायला बसलात की त्याचा मध्य आपसूक खोलीच्या मध्याकडे सरकतो. म्हणजे दिशा नीट कळण्यासाठी जी जागा सगळ्यात चांगली, तीच बेससाठी सगळ्यात वाईट.

दुसरी पंचाईत स्पीकरच्या पाठीमागच्या भिंतीची. खालचे सूर स्पीकरमधून फक्त पुढे जात नाहीत, चहूकडे पसरतात. मागे गेलेली लाट भिंतीवर आपटून परत येते. भिंतीचं अंतर लाटेच्या पाव लांबीइतकं असेल तर परतलेली लाट बरोबर उलटी होऊन मूळ लाटेला मारते आणि त्या सुरावर आवाजात खड्डा पडतो. दोन फुटांवर हा खड्डा १४० हर्ट्झला, तीन फुटांवर ९४ ला. पाच स्पीकर म्हणजे पाच वेगवेगळी अंतरं, पाच वेगवेगळे खड्डे. शिवाय कोपऱ्यात अडकलेला स्पीकर मोडांना जास्त डिवचतो, भिंतीच्या मध्यावरचा कमी. बुलेट मोटारसायकल डावीकडून येऊन मागे उजवीकडे निघून जाते असा शॉट पॅन करून, म्हणजे आवाज एका स्पीकरमधून दुसऱ्यात सरकवून, बघा. इंजिनाची धडधड प्रत्येक स्पीकरमध्ये वेगळ्या गाडीची वाटते.

तर मग पाचही स्पीकर मोठे, पूर्ण पल्ल्याचे घेतले तर? पैसे जास्त जातील आणि हाच प्रश्न आणखी खालच्या सुरांपर्यंत पसरेल.

इथे बेस मॅनेजमेंट कामाला येतं. कल्पना साधी आहे. प्रत्येक चॅनेलमधला ८० हर्ट्झच्या खालचा भाग कापायचा, सगळ्यांचे ते तुकडे एकत्र करायचे आणि सबवूफरकडे पाठवायचे. वरचा भाग ज्याच्या त्याच्या स्पीकरमध्ये. स्पीकर वर्तुळावर उभे राहतात, दिशा सांभाळतात. सब जिथे खोली म्हणेल तिथे जाऊन बसतो. आणि पाचही चॅनेलचा बेस एकाच ठिकाणाहून निघत असल्याने धडधड सगळीकडून सारखी येते.

८० च का? एक तर ८० हर्ट्झची लाट १४ फूट लांब असते आणि आपलं डोकं अर्ध्या फुटाच्या जरासंच पुढे. दोन कानांना पोचणाऱ्या आवाजात इतका कमी फरक पडतो की तो कुठून आला हे सांगता येत नाही. आकडा रूढ झाला तो सिनेमाच्या ध्वनीचे निकष ठरवणाऱ्या टीएचएक्समुळे, ज्याच्यामागे टॉमलिन्सन हॉलमन हे अभियंते होते. स्वस्त सॅटेलाइट स्पीकरांच्या संचांत हीच रेषा १२० किंवा १५० ला असते, आणि तिथे खेळ बिघडतो. पुरुषी आवाजाचा खालचा भाग सबमध्ये शिरतो आणि नायक पडद्यावर बोलतोय की टेबलाखाली, असा प्रश्न पडतो. सब स्वतः बडबड्या असेल, म्हणजे पोर्टमधून (डब्याच्या भोकातून) फसफस किंवा वरच्या सुरांची भेसळ करत असेल, तरीही जागा उघडी पडते. दोष अशा वेळी ८० ला देऊ नये.

हे विभाजन करणारं यंत्र कुठेही असू शकतं: डीएसपी (आवाजावर आकडेमोड करणारी चिप) असलेल्या मॉनिटर कंट्रोलरमध्ये, म्हणजे स्पीकरांकडे जाणारा आवाज सांभाळणाऱ्या यंत्रात, सॉफ्टवेअरमध्ये किंवा सबच्याच पाठीवर, जिथे सगळे चॅनेल आत जातात आणि कापून बाहेर येतात. कुठेही असो, पण एकाच ठिकाणी असावं. कंट्रोलर ८० ला कापतोय आणि सबवरचं फिल्टरचं बटणही कुणीतरी ८० वर ठेवलंय, हा प्रकार मी इतक्या स्टुडिओंत पाहिलाय की आता आत शिरल्यावर आधी सबच्या मागे वाकून बघतो. दोन फिल्टर एकावर एक बसले की ८० च्या आसपास भोक पडतं आणि फेज (लाटांच्या चढ-उताराचा मेळ) भलतीकडे जाते. कंट्रोलर काम करत असेल तर सबवरचं बटण बायपास करा. ती सोय नसेल तर शेवटपर्यंत वर फिरवून ठेवा.

'पॉइंट वन' म्हणजे सबवूफर नव्हे

हा गोंधळ सगळ्यात जुना आणि सगळ्यात महागात पडणारा आहे. ५.१ मधला '.१' हा एक चॅनेल आहे, एलएफई (लो फ्रिक्वेन्सी इफेक्ट्स) नावाचा. सबवूफर हा एक डबा आहे. डब्यात एलएफई तर येतोच, शिवाय बेस मॅनेजमेंट चालू असेल तर बाकी सगळ्या चॅनेलचा तळही येतो.

एलएफईची गरज सिनेमागृहात निर्माण झाली. पडद्यामागच्या स्पीकरांना संवाद, संगीत सांभाळून वर भूकंपही वाजवायला लावलं तर ते फाटतात. म्हणून सत्तरच्या दशकात ७० एमएमच्या काही प्रिंटांवर बेससाठी वेगळे ट्रॅक ठेवायला सुरुवात झाली. पुढे १९८७ मध्ये डिजिटल ध्वनीचं स्वरूप ठरवण्याच्या चर्चेत हॉलमन यांनीच ५.१ हे नाव सुचवलं. सहावा चॅनेल फक्त खालच्या सुरांचा, जागा अगदी थोडी व्यापणारा, म्हणून 'पॉइंट वन'. डॉल्बी डिजिटलमध्ये तो १२० हर्ट्झपर्यंतच जातो आणि वाजवताना बाकीच्यांपेक्षा १० डेसिबल जास्त ताकदीने वाजतो.

या १० डेसिबलवर किती मिक्स बिघडले असतील! स्टुडिओत हा वाढावा लावायचा राहिला, तर इंजिनिअर एलएफई फुगवून ठेवतो आणि तो घरी किंवा चित्रपटगृहात गेल्यावर भिंती हादरतात. दोनदा लागला, एकदा सॉफ्टवेअरमध्ये आणि एकदा सबवर, तर उलटं. मोजतानाही एक गफलत होते. पिंक नॉइज (सगळ्या सुरांचा एकत्र खळखळाट) लावून आवाजाची पातळी मोजणाऱ्या साध्या एसपीएल मीटरवर, सी वेटिंग या सेटिंगवर बघितलं, तर एलएफई मुख्य स्पीकरपेक्षा १० नव्हे, फक्त ४ डेसिबलच्या आसपास जास्त दिसतो. मुख्य स्पीकरचा नॉइज २० हर्ट्झपासून २०,००० पर्यंत पसरलेला, एलएफईचा जेमतेम अडीच सप्तकांत कोंबलेला, मग एकूण बेरीज कमीच भरणार. १० चा फरक दिसतो तो प्रत्येक पट्टा वेगळा दाखवणाऱ्या अ‍ॅनालायझरवर. मीटरवर १० दिसेपर्यंत सब वाढवणारे लोक मी बघितलेत. एकेकाळी मीही त्यात होतो.

आता मिक्स करताना काय? माझा नियम असा की जो बेस गेला तर गाणंच पंगू होईल, तो एलएफईत एकटा ठेवायचा नाही. डॉल्बीच्या प्रवाहाचं स्टीरिओत रूपांतर होतं तेव्हा एलएफई सहसा टाकून दिला जातो. मोबाइलवर किंवा टीव्हीच्या दोन स्पीकरवर बघणाऱ्याला तो कधी भेटणारच नाही. किक ड्रम, बेस गिटार, पखवाज यांचं घर मुख्य चॅनेलमध्येच. एलएफई स्फोटासाठी, ढगांच्या गडगडाटासाठी, मिरवणुकीतल्या ढोलांना आणखी थोडं वजन द्यायचं असेल तेव्हा. अ‍ॅटमॉसमध्ये तर ऑब्जेक्टला (कुठेही फिरवता येणाऱ्या सुट्या आवाजाला) एलएफईत जायची वाटच नाही, तिथे पोचायचं तर बेडमधूनच, म्हणजे ठरलेल्या चॅनेलांच्या संचातूनच.

आणि किकचा एक भाग एलएफईत पाठवायचाच असेल तर फेजकडे लक्ष द्या. एलएफईवर लावलेला फिल्टर किकचा सूर थोडा मागे ढकलतो. ज्या स्टुडिओत बेस मॅनेजमेंट नाही तिथे हे लक्षात येत नाही, कारण मुख्य स्पीकर वेगळे, सब वेगळा. घरच्या एव्ही रिसिव्हरमध्ये (आवाज स्पीकरांना वाटून देणाऱ्या यंत्रात) मुख्य चॅनेलचा तळ आणि एलएफई सबच्या तोंडाशी एकत्र येतात आणि एकमेकांना खातात. "आमच्या घरी किक दमदार का लागत नाही?" या तक्रारीमागे कधी कधी एवढंच असतं.

घरी सराउंड ऐकणाऱ्याकडे बेस मॅनेजमेंट बहुधा असतंच, हे स्टुडिओत विसरलं जातं. आपण छोट्या मॉनिटर स्पीकरवर काम करतो, त्यांना ५० च्या खाली काही वाजवता येत नाही, त्यामुळे सराउंडच्या ट्रॅकवरची एसीची घरघर, माइकवर आदळलेला श्वास, ट्रायपॉडला लागलेला धक्का आपल्याला ऐकूच येत नाही. दिवाणखान्यात बसलेल्या माणसाचा रिसिव्हर मात्र हे सगळं इमानेइतबारे गोळा करून सबमध्ये ओततो.

सब कुठे ठेवायचा

जुनी युक्ती अजूनही चालते. सब उचलून खुर्चीवर ठेवा, बेस गिटारची एक चढ-उताराची ओळ सतत लावा, आणि भिंतीकडेने गुडघ्यांवर रांगत फिरा. जिथे सगळे सूर सारखे वाजतायत असं वाटेल तिथे सब ठेवा. ऐकणारा आणि वाजवणारा यांची अदलाबदल केली तरी त्यांच्यातला ध्वनीचा मार्ग तोच राहतो, म्हणून हे जमतं. शेजारच्या कुणी दार उघडून बघितलं तर काय सांगायचं ते ठरवून ठेवा.

भिंतीपासून लांब, खोलीत सुटा ठेवलेला सब हा मला तरी पटत नाही. मघाचा पाव लाटेचा खड्डा आठवा. सबचा शंकू भिंतीपासून एक फुटावर असेल तर खड्डा २८० हर्ट्झला पडतो, आणि तिथे सब वाजतच नाही. म्हणजे भिंतीला चिकटवल्याने हा प्रश्न फुकटात मिटतो, शिवाय भिंतीचा आधार मिळून आवाजही वाढतो. कोपऱ्यात आवाज आणखी वाढतो, पण तिथून सगळे मोड एकदम डिवचले जातात.

मला सगळ्यात जास्त फायदा झाला तो दुसऱ्या सबने. जास्त बेस हवा म्हणून तो आणला नव्हता, मी आवाज उलट कमीच केला. परातीकडे परत चला. पाणी हिंदकळतं कारण एक काठ वर जाताना दुसरा खाली जातो. दोन्ही काठांना एकाच वेळी, सारख्याच जोराने दाबलं तर? हिंदकळण्याला सुरुवातच करता येत नाही. एक सब पुढच्या भिंतीच्या मध्यावर, दुसरा मागच्या भिंतीच्या मध्यावर, दोन्हींना तोच सिग्नल. लांबीचा ५६ हर्ट्झचा मोड दोघे मिळून हाणून पाडतात. रुंदीचा ५६ चा मोड तर उठतच नाही, कारण दोन्ही सब रुंदीच्या मध्यावर, म्हणजे त्याच्या स्थिर रेषेवर बसलेत. या दिशांतले पुढचे मोड ११२ ला, आणि सब ८० ला थांबलेला. उंचीचा मोड उरतो, पण बसलेल्या माणसाचे कान जमिनीपासून चार फुटांवर, खोलीच्या अर्ध्या उंचीच्या जवळ, म्हणून त्याचा त्रास कमी.

हरमन कंपनीत टॉड वेल्टी यांनी २००२ मध्ये मांडलेल्या अभ्यासाचा निष्कर्षही याच दिशेचा होता: आयताकृती खोलीत समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर दोन, किंवा चारही भिंतींच्या मध्यावर चार सब चांगले, त्याहून जास्त ठेवून खास काही हाती लागत नाही. लक्षात घ्या, याने माझ्या खुर्चीत अचानक ५५ हर्ट्झचा पूर आला नाही. झालं असं की सोफ्यावरचा फुगवटा गेला आणि दोन्ही जागांवर जवळपास सारखं ऐकू यायला लागलं. सगळ्यांना सारखं कमी ऐकू येत असेल तर ते इक्वलायझरने (निवडलेले सूर कमी-जास्त करणाऱ्या यंत्राने) सगळ्यांसाठी एकदम वाढवता येतं. एकाला कमी आणि दुसऱ्याला जास्त असेल तर कुठलाही इक्वलायझर काही करू शकत नाही. त्याला जागा कळत नाही.

म्हणूनच क्रम महत्त्वाचा: आधी जागा, मग वेळ, मग लेव्हल, शेवटी इक्वलायझर. खुर्चीही या हिशोबात धरा. मी माझी मध्यापासून फूटभर पुढे घेतली आणि जवळ आलेल्या स्पीकरांना डिले (किंचित उशीर) देऊन अंतर कागदोपत्री सारखं केलं.

वेळेचं म्हणाल तर ८० हर्ट्झला लाटेचं एक आवर्तन साडेबारा मिलिसेकंदांचं असतं. सब आणि स्पीकर यांच्यात सव्वासहा मिलिसेकंदांचा फरक पडला, म्हणजे सात फुटांचा, की दोघं एकमेकांच्या बरोबर विरुद्ध. डीएसपी असलेला सब स्वतःच दोन-चार मिलिसेकंद खातो, तेव्हा टेपने अंतर मोजून भागत नाही. मी असं करतो: सेंटरमधून ८० हर्ट्झचा सूर लावतो, सबची पोलॅरिटी (शंकू आत-बाहेर हलण्याची दिशा) मुद्दाम उलटी करतो आणि आवाज जास्तीत जास्त कमी होईपर्यंत डिले सरकवत राहतो. मग पोलॅरिटी सरळ. वाढ ऐकण्यापेक्षा खड्डा ऐकणं कानाला सोपं जातं. सेंटर आधी, कारण संवाद तिथे आहेत. बाकीचे त्याच्या मागून.

इक्वलायझरने उंचवटे खाली आणायचे. खड्डे भरायच्या भानगडीत पडायचं नाही, विशेषतः खोल आणि अरुंद खड्डे. १० डेसिबल भरायला अ‍ॅम्प्लिफायरला दहापट ताकद लागते, आणि खड्डा परतलेल्या लाटेमुळे असेल तर तुम्ही जितकं वाढवाल तितकीच परतणारी लाटही वाढेल. सबला आधीच पुरेसं काम आहे. हिशोब करून बघा: पाचही चॅनेलमध्ये एकाच वेळी, एकाच फेजमध्ये पूर्ण ताकदीचा बेस आणि वर एलएफई, तर सबला एका चॅनेलच्या तुलनेत १८ डेसिबल जास्त द्यावे लागतात. असं रोज घडत नाही, पण घडलं तेव्हा सब हाशहुश करू नये.

मोजण्यासाठी आरईडब्ल्यू नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, आणि यूएसबीला लागणारे मोजणीचे माइक आता आवाक्यात आलेत. आलेख गुळगुळीत करून बघू नका, खड्डे झाकले जातात. मी पातळीच्या आलेखापेक्षा विरण्याचा आलेख जास्त वेळ बघतो. विटांच्या खोलीत एखादा मोड अर्धा सेकंद घुमत राहतो, आणि द्रुत लयीत तोपर्यंत पुढची मात्रा येऊन गेलेली असते. स्वीप (खालून वर सरकत जाणारा सूर) लावलात की फुकटात आणखी एक तपासणी होते: स्लायडिंग खिडकीची काच, एसीची जाळी, लोखंडी कपाटाचं दार, कोण कुठल्या सुरावर थरथरतं ते कळतं. माझ्याकडे एक किणकिण महिनाभर स्पीकरची समजून ऐकत होतो. ती निघाली माळ्यावरच्या स्टीलच्या डब्यांची.

फोम, गाद्या आणि प्लाय

दोन इंची काळा फोम भिंतीवर लावला की खोली स्टुडिओसारखी दिसते. बेसला मात्र तो दिसतच नाही. मऊ, सच्छिद्र वस्तू हवा जिथे वेगाने हलते तिथे काम करते, आणि भिंतीला लागून हवा हलत नाही. वेग सगळ्यात जास्त असतो तो भिंतीपासून पाव लाटेवर. ५६ हर्ट्झसाठी ते होतात पाच फूट. अर्धी खोली रॉकवूलने (दगडी लोकरीने) भरायची तयारी आहे का? म्हणून मध्यममार्ग: कोपऱ्यांत जमिनीपासून छतापर्यंत एक-दीड फूट जाडीचं रॉकवूल, कापडात बंद. ८०-१०० च्या वर त्याचा फरक चांगला जाणवतो. बजेट नव्हतं तेव्हा मी गुंडाळलेल्या कापसाच्या गाद्या उभ्या केल्या होत्या. पावसाळ्यात वास येतो, एवढं सोडलं तर वाईट नव्हत्या.

त्याच्या खाली उतरायचं तर पडद्यासारखा हलणारा ट्रॅप लागतो. बंद चौकटीवर पातळ प्लाय, आत थोडं रॉकवूल. कुठल्या सुरावर तो काम करेल याचं ढोबळ सूत्र असं: प्लायचं दर चौरस मीटरला किलोग्रॅममध्ये वजन, गुणिले पोकळीची मीटरमधली खोली, त्याचं वर्गमूळ काढा आणि ६० ला त्याने भागा. ६ मिलिमीटरच्या प्लायचं वजन सुमारे ४ किलो, मागे ११ इंच पोकळी, तर उत्तर ५७ हर्ट्झच्या जवळ. प्रत्यक्षात सुताराच्या हातानुसार ते सरकतं, म्हणून एक करून, मोजून मग बाकीचे करावेत. आणि तो भिंतीला, जिथे दाब जास्त आहे तिथेच लावायचा.

लेव्हलचं एक राहिलं. बेसच्या बाबतीत कान फार भेदभाव करतात. ५० हर्ट्झचा सूर नुसता जाणवायलाच ४४ डेसिबल लागतात, आणि मधल्या पट्टीत शून्याच्या आसपास भागतं. त्यामुळे रात्री हळू आवाजात मिक्स केलं की बेस कमी वाटतो, आपण वाढवतो, आणि सकाळी तोच मिक्स मोठ्याने लावला की चिखल. छोट्या खोलीत ८५ डेसिबल अंगावर येतात, मी प्रत्येक स्पीकर ७८ ला लावून नॉबवर पांढऱ्या पेनने खूण केली आहे. बेसचे निर्णय फक्त त्या खुणेवर.

अडचण अशी की त्या खुणेवर बेस खोलीत राहत नाही. ट्रॅप आतला आवाज सुधारतात, बाहेर जाणारा थांबवत नाहीत. त्यासाठी खोलीत सुटी खोली बांधावी लागते, आणि १० बाय १० मध्ये ती बांधली तर आत मी आणि एक स्पीकर मावेल. सबखाली रबराचे जाड पॅड घातले, त्याने जमिनीतून जाणारी धडधड थोडी कमी झाली. हवेतून स्लॅबला लागणारी तशीच राहिली. म्हणून एलएफईच्या तपासण्या मी सकाळी ११ ते १ मध्ये उरकतो. वरच्या मजल्यावरचे दोघे तेव्हा ऑफिसात असतात, आणि खालच्या आजींना, त्यांच्याच शब्दांत, "तसंही कमीच ऐकू येतं, पण पंखा थरथरतो तो दिसतो."